डिलिव्हरी की टेक्निकल? मंदीच्या दिवसांत प्रोजेक्ट मॅनेजर व्हावं का

आयटी सेवा कंपनीत नऊ-दहा वर्षं झाली की अप्रेझलच्या बैठकीत हा प्रश्न येतोच: पुढे डिलिव्हरीकडे जायचंय की टेक्निकलमध्येच राहायचंय? म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर की आर्किटेक्ट (प्रणालीची तांत्रिक रचना ठरवणारा). गेल्या वर्षभरात धाकट्या सहकाऱ्यांनी मला हे बऱ्याचदा विचारलं, आणि हल्ली विचारताना त्यांच्या आवाजात काळजी असते. कारण उघड आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या स्तरावरची माणसं असतील असंही सांगितलं. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनने मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण किमान १५ टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं होतं. मग आता मॅनेजर होणं म्हणजे विहिरीत उडी मारणंच नाही का, असं मुलं विचारतात.

मी पुण्यात दोन्हीकडे काम केलंय. बरीच वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर होते, नंतर बऱ्याच कष्टाने परत तांत्रिक बाजूला आले. माझ्या मते पदनामापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: तुमचा पगार कोणत्या करारातून निघतो, आणि वाईट बातमी सांगायचं काम तुम्हाला झेपतं का.

आधी करार बघा

टाइम अँड मटेरियल करारात ग्राहक माणसागणिक तासांचे पैसे मोजतो. त्याच्यासमोर नावांची यादी असते. डेव्हलपर, टेस्टर, आर्किटेक्ट यांच्या नावापुढे काय काम झालं ते दिसतं. मॅनेजरच्या नावापुढे त्याला फक्त दर दिसतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी मॅनेजर पाव-पाव करून चार प्रोजेक्टांवर दाखवलेला असतो, किंवा बिलिंगमध्ये नसतोच. ग्राहकाने १० टक्के सूट मागितली की कंपनी पिरॅमिडचा वरचा भाग, म्हणजे जास्त पगाराची थोडी माणसं, हलका करते, आणि अशा करारातला मॅनेजर त्याच भागात असतो.

फिक्स्ड प्राइसमध्ये हे चित्र उलटं होतं. रक्कम आधीच ठरलेली असते, काम १० आठवडे लांबलं तर तो खर्च कंपनीच्या खिशातून जातो. ग्राहक ‘एवढासा बदल आहे, करून टाका’ म्हणतो तेव्हा ‘हे एसओडब्ल्यूमध्ये (ठरलेल्या कामाच्या करारपत्रात) नाही, चेंज रिक्वेस्ट (वाढीव कामाची वेगळी मागणी) लागेल’ असं नम्रपणे पण लेखी सांगणारा मॅनेजर मार्जिन राखतो. मंदीत तर ग्राहक असे बदल जास्तच रेटतो, कारण त्यालाही कमी पैशांत जास्त काम हवं असतं. असा मॅनेजर सोडायला कुठलाच डिलिव्हरी हेड तयार नसतो.

आर्किटेक्टचं काय? त्याचा दर जास्त, ग्राहक त्याला नावानिशी ओळखतो. पण त्याची खरी गरज नव्या कामाच्या सुरुवातीला असते. हात आखडता घेताना ग्राहक आधी नवे कार्यक्रम थांबवतो; जुन्या प्रणालीची देखभाल मात्र त्याला बंद करता येत नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या देखभाल करारावरचा मॅनेजर कामावर राहतो आणि उत्तम आर्किटेक्ट बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, येतो, असं मी प्रत्यक्ष पाहिलंय. आणि बेंच आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ बिलेबल (ग्राहकाला बिल लावता येईल असे) दिवस आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असा नियमच केला.

थोडक्यात, फिक्स्ड प्राइस किंवा लांब पल्ल्याचा देखभाल करार असेल तर मॅनेजरची जागा बरी. टाइम अँड मटेरियल असेल तर आर्किटेक्टची. आणि फक्त एक्सेल भरून दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्ट पाठवायचा असेल, तर करार कुठलाही असो, ती भूमिका घेऊ नका. रिपोर्ट आणि मिनिट्सचा (बैठकीच्या नोंदींचा) मसुदा आता एआयची साधनं करून देतात.

यादी करायची वेळ

पगार, पद, बढती यांची तुलना सगळेच करतात. ही गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली आणि पुढच्या काही महिन्यांत अमेरिकन बँकांची कामं आटली. २००९ च्या सुरुवातीला माझ्या २२ जणांच्या टीममधून १५ च ठेवायचे, असा निरोप आला. सात नावं मी द्यायची होती. मी स्टेटस रिपोर्ट उघडून बसले आणि ज्यांची नावं त्यात कमी दिसत होती ती निवडली. त्यात एक शांत मुलगा होता. रात्रीच्या बॅच जॉब्सकडे (रात्री आपोआप चालणाऱ्या कामांकडे) तो एकटा बघायचा. काम कधी अडकायचंच नाही, त्यामुळे त्याचं नाव रिपोर्टमध्ये यायचं नाही. तीन आठवड्यांनी एका रात्री जॉब पडला तेव्हा तो कसा उठवायचा हे टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय सातही जणांना मी शुक्रवारी संध्याकाळी फोनवर सांगितलं, सोमवारी कुणाचा चेहरा बघावा लागू नये म्हणून. तो निर्णय चुकीचा होता आणि सांगण्याची पद्धत त्याहून चुकीची होती. त्यातल्या दोघांनी पुढे कधी माझा फोन घेतला नाही.

एप्रिल २०२० मध्ये पुन्हा तशी वेळ आली. तेव्हा मी दर मंगळवारी सकाळी अर्धा तास ठरवून घेतला. त्यात सगळ्यांना तीनच गोष्टी सांगायचे: आज काय नक्की आहे, काय ठरलेलं नाही, आणि पुढची बातमी कधी कळेल. ‘काळजी करू नका, कुणाला काही होणार नाही’ हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं. तरीही चार जण गेले. पण जाण्याआधी त्यांच्याकडे सहा आठवडे होते. दोघांना मी स्वतः दुसऱ्या प्रोजेक्टवर जोडून दिलं, आणि राहिलेल्यांनी मुकाट्याने बायोडेटा अपडेट करत बसण्याऐवजी काम केलं. मंदीतलं नेतृत्व मला या मंगळवारच्या अर्ध्या तासात शिकायला मिळालं.

आर्किटेक्टला ही यादी करावी लागत नाही. त्याचा ताण वेगळा असतो. काल शिकलेलं आज जुनं होतं, नव्या मुलाखतीला पुन्हा फळ्यासमोर उभं राहून सिस्टिम डिझाइन करावं लागतं, आणि चाळिशीत पंचविशीच्या पोराकडून प्रश्न घ्यावे लागतात. पण रात्री झोप उडते ती एखाद्या सर्व्हरमुळे. कुणाच्या ईएमआयची गणितं त्याच्या डोक्यात फिरत नाहीत. हे ओझं कमी-जास्त नाही, निराळं आहे. तुम्हाला कुठलं पेलतं ते प्रामाणिकपणे बघा.

परतीची वाट

तांत्रिक बाजूकडून मॅनेजर होणं पंचेचाळिशीतही जमतं. उलट प्रवास मात्र कोड सोडून तीन-चार वर्षं झाली की फार अवघड होतो. मला परत यायला दीड वर्ष लागलं. रोज पहाटे दोन तास अभ्यास, आणि शेवटी आधीपेक्षा एक पायरी खालचं पद स्वीकारून. मंदीत नोकरी शोधणाऱ्या मॅनेजरला ‘हातात काय येतं?’ हा प्रश्न आधी विचारतात. त्याचं उत्तर बँकिंग, विमा, औषधनिर्मिती अशा एखाद्या क्षेत्राचं खोल ज्ञान हेही असू शकतं. पण काहीतरी उत्तर असावं लागतं.

कायद्याने पडणारा फरक

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणारे येतात, पण व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे येत नाहीत. देखरेखीचं काम करणारेही मासिक वेतन १८ हजारांपेक्षा जास्त असेल तर बाहेर. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही वेतनमर्यादा सोडली तर हीच मांडणी होती. कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मिळते ती ‘कामगारा’ला. म्हणजे पदोन्नतीबरोबर हे कवच गळून पडू शकतं. न्यायालयं पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात, त्यामुळे तुमचं काम काय आहे हे कागदावर नीट असू द्या.

प्रमाणपत्रं

पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्रासाठी पदवीधराला प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. मिळाल्यावर दर ३ वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, मिळवावे लागतात. आखाती देशांतल्या जाहिरातींत ती बऱ्याचदा अट म्हणून दिसते, त्यामुळे तिकडे जायचा विचार असेल तर जरूर करा. दोन दिवसांचा कोर्स करून नुसता स्क्रम मास्टर (एजाईल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीत टीमची घडी बसवणारा) व्हायचा विचार असेल तर थांबा. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने जानेवारी २०२३ मध्ये एजाईल विभागातली ११०० च्या आसपास पदं एकदम काढून टाकली. ती कामं इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर आपल्या कामातच सांभाळतील, असं तिथं ठरलं.

परवा मैत्रिणीचा धाकटा भाऊ आला होता. अकरा वर्षांचा अनुभव, विमा क्षेत्र, फिक्स्ड प्राइस प्रोजेक्ट, २०२८ पर्यंतचा करार. त्याला मी मॅनेजर हो म्हटलं, पण दोन अटींवर. पहिलं वर्ष डिझाइन रिव्ह्यू त्याच्याच नावावर राहावा, आणि नव्या पदाच्या पत्रात तांत्रिक जबाबदारीचा स्पष्ट उल्लेख असावा. त्याने त्याच रात्री एचआरला तसा मेल पाठवला. उत्तर अजून यायचंय.