पावाचा क्वास की बिटाचा?

क्वास म्हणजे आंबवून केलेलं आंबट पेय. नाव एकच, पण घडण अगदी वेगळी. रशियात नुसतं 'क्वास' म्हटलं की राई (rye) या धान्याच्या काळ्या पावाचा. युक्रेन आणि पोलंडच्या स्वयंपाकघरात बिटाचाही तितकाच मुरलेला. पहिला प्यायचा, दुसरा मुख्यतः बोर्शला, म्हणजे बिटाच्या सूपला, आंबटपणा आणि रंग द्यायचा.

पावाच्या क्वाससाठी अर्धा किलो राईचा पाव ओव्हनमध्ये गडद तपकिरी होईस्तोवर भाजा. करपला तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. तीन लिटर उकळत्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. पाव पिळू नका, क्वास गढूळ होतो. मग १०० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट. पाणी कोमट झाल्याशिवाय यीस्ट घालू नका, मरतं. १२ तासांनी बाटल्या भरा, प्रत्येकीत तीन-चार बेदाणे टाका. वर पाच सेंटिमीटर जागा सोडा. बेदाणे तरंगले की लगेच फ्रिजमध्ये. इथे उशीर झाला तर काचेची बाटली फुटते, म्हणून प्लॅस्टिकचीच बरी.

बिटाला यीस्ट लागत नाही. एक किलो बिटाच्या जाड फोडी, दोन लिटर पाणी, ४० ग्रॅम मीठ, चार लसूण पाकळ्या. बीट किसू नका. साखर भराभर सुटते आणि पाणी बुळबुळीत होतं. फोडी पाण्याखाली दाबून ठेवा, पाच-सात दिवस लागतात. पांढरा फेस रोज काढा. केसाळ बुरशी दिसली तर सगळंच फेका.

बोर्शमध्ये तो शेवटी घाला. खळखळून उकळलात तर तो सुंदर लाल रंग विटकरी होतो.

पहिल्यांदाच करणार असाल तर बिटाचाच करा. ओक्रोश्काचं गार सूप हवं असेल तर मात्र पावाचाच, तोही कमी साखरेचा.