इंक टँक की लेझर: घरासाठी प्रिंटर

धाकटी बहीण घरीच शिकवणी घेते. तिला प्रिंटर हवाय, पण बाटलीतून शाई भरायचा इंक टँक की काळा-पांढरा लेझर, यात ती अडकली आहे. खोक्यावरचे ‘हजारो पानं’वाले आकडे सोडून देऊ.

छपाईचा खर्च पाहिला तर इंक टँक सरळ जिंकतो. काळं पान काही पैशांत पडतं. छोट्या लेझरला कंपनीचं टोनर, म्हणजे छपाईची पूड, घातलं, तर बहुतेकदा पान रुपयाच्या पुढे जातं.

खरी गोम वापरात आहे. इंक टँकची शाई पातळ. प्रिंटर महिनाभर बंद राहिला की कागदावर शाई सोडणाऱ्या हेडची बारीक छिद्रं बुजू लागतात. मग हेड क्लीनिंग करा, त्यातही शाई जाते. ती आतल्या पॅडमध्ये साठते आणि पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो. मे महिन्याच्या सुट्टीनंतर माझ्या प्रिंटरचं हेड असंच बुजलं होतं. लेझरचं टोनर मुळातच कोरडं, ते सुकण्याचा प्रश्नच नाही.

विजेचं मात्र बघा. लेझर ती पूड तापवून कागदावर चिकटवतो, त्यासाठी शेकडो वॅट ओढतो. छोट्या यूपीएसवर तो लावूच नये.

पावसाळ्यात दमट कागद दोन्हीकडे अडकतो, रीम डब्यात ठेवा.

बहिणीला रोज वर्कशीट, रंगीत नकाशे लागतात, तिने इंक टँकच घ्यावा. महिन्यातून चार अर्ज छापणाऱ्या आईबाबांसाठी मी लेझर घेईन.