नाशिकच्या वाइन ट्रिपसाठी घेतलेला कार फ्रिज: दिवाळी ते एप्रिल वापरून (आणि त्या प्लगबद्दल)

दिवाळीच्या सेलमध्ये वीस लिटरचा कार फ्रिज घेतला, बारा व्होल्टवाला, कॉम्प्रेसर नसलेला. स्पेसिफिकेशन सगळीकडे दिलेली आहेत, ती परत टाइप करत नाही. लिहायला बसलेय ते प्लगमुळे.

गाडीच्या सॉकेटमध्ये जातो तो प्लग. त्याच्या पुढचं टोपण आट्यांवर बसवलेलं असतं, आत छोटा काचेचा फ्यूज आणि मागे स्प्रिंग. गाडीच्या हादऱ्यांनी ते टोपण थोडं थोडं फिरत सैल होतं आणि एक दिवस सुटतं. आमचं सुटलं नाशिकहून परत येताना चंदनापुरी घाटात, मागे चार बाटल्या, बाहेर मार्चचं ऊन. टोपण सॉकेटमध्येच अडकून बसलं, फ्यूज सीटखाली, आणि स्प्रिंग तर आजतागायत सापडली नाही. साडेचार हजारांची वस्तू एवढ्याशा टोपणापायी बंद.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे प्लग वेगळा मिळत नाही, अख्खा फ्रिज कुरियर करा, जायचा खर्च तुमचा, आणि प्लग ॲक्सेसरीमध्ये येतो म्हणून वॉरंटी नाही. अहो, वायर फ्रिजमधूनच निघते, ती ॲक्सेसरी कशी? प्लगशिवाय तो फ्रिज म्हणजे नुसता प्लास्टिकचा डबा. तीन वेळा मेल केला, तिन्ही वेळा तेच उत्तर कॉपी-पेस्ट. शेवटी पुण्यातल्या इलेक्ट्रिकल सामानाच्या तपकीर गल्लीत गेले, तिथल्या काकांनी वायर कापून दुसरा जाड प्लग बसवून दिला, फ्यूजसकट दीडशे रुपये, दहा मिनिटांचं काम. हा प्लग आधीच्यापेक्षा घट्ट बसतो. कंपनीला हे आधीच का नाही जमलं?

आता फ्रिज घेतलाच कशाला ते सांगते. आमच्याकडे लांबची गाडी मी चालवते, आणि कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही. मी तर चालवायच्या दिवशी घोटही घेत नाही, टेस्टिंगला नुसता वास घेते. म्हणजे माझी वाइन ही घरी पोचल्यावरची वाइन. ती बाटली गाडीत उकडून निघाली तर माझ्या वाट्याला काय राहिलं? बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की आत पन्नासच्या वर तापमान सहज जातं. नाशिकच्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँसारख्या व्हाइट वाइनची मजा त्या ताज्या आंबटसर चवीत असते आणि ती उष्णतेत पहिली जाते, मागे उरतो शिजवलेल्या फळासारखा वास.

डिसेंबर-जानेवारीत मी या फ्रिजला डोळे मिटून पाच स्टार दिले असते. बाहेर पंचवीस डिग्री, आत दहाच्या आसपास, बाटल्या गारेगार. फेब्रुवारीनंतर खरं रूप कळलं. हे पेल्टिअरवाले (म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय, विजेवर एका बाजूने गार होणाऱ्या चकतीचे) फ्रिज ठराविक तापमानाला नेऊन ठेवत नाहीत, बाहेरच्यापेक्षा फार तर पंधरा-वीस डिग्री खाली नेतात, म्हणजे चाळीस डिग्रीत आत वीस-पंचवीस. त्यात पंख्याच्या जाळीला बॅग टेकली तर तेवढंही नाही, कारण गरम हवा बाहेर जायला जागाच उरत नाही. आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे आमच्या गाडीत इग्निशन बंद केलं की सॉकेट बंद. गाडी चालू असते तेव्हा एसी असतोच, तेव्हा फ्रिजची एवढी गरज नाही. गाडी उन्हात उभी करून आपण देऊळ बघायला जातो तेव्हा खरी गरज, आणि नेमका तेव्हाच हा झोपलेला. थेट बॅटरीवरून लाइन घ्यायचा सल्ला मिळाला होता, पण हा चार-पाच अँपिअर सतत ओढतो, बॅटरी उतरली की सिन्नरला धक्का मारत बसायचं, नको.

म्हणून मग ट्रिपचा क्रमच बदलला, आणि इथे माझं मत परत वर गेलं. आधी आम्ही पहिल्या दिवशी दुपारी वायनरी आणि दुसऱ्या दिवशी परतताना सिन्नर असं करायचो, बाटल्या दीड दिवस गाडीत. आता पहाटे पुणे सोडायचं, नारायणगावला मिसळ (याच नारायणगावला ऐंशीच्या दशकात शॅटो इंडाजची वायनरी होती, नाशिकचं नाव व्हायच्या कितीतरी आधी), मग संगमनेर आणि उन्हं चढायच्या आत सिन्नरचं गोंदेश्वर.

गोंदेश्वर घाईत बघू नका. देवगिरीच्या आधी सिन्नर हीच यादवांची राजधानी. मधलं महादेवाचं देऊळ आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू असं पंचायतन एकाच जोत्यावर उभं आहे. मुख्य शिखराजवळ जाऊन मान वर करा, खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा दिसतात. काळा दगड दहा वाजल्यानंतर इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही, त्यामुळे पायात मोजे असू द्या.

संध्याकाळी नाशिकात पंचवटी, नारोशंकराचं १७४७ चं देऊळ आणि वसईच्या विजयानंतर तिथून आणलेली ती मोठी घंटा. त्र्यंबकला सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका एवढंच सांगते.

रात्री हॉटेलवर फ्रिज घरच्या ॲडॉप्टरवर लावून ठेवायचा, बर्फाच्या दोन जेल पॅकसकट. तो सकाळपर्यंत पूर्ण गार होतो. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर थेट गंगापूर धरणाच्या बाजूला. इथेच सुला, २००० साली त्यांची पहिली वाइन आली आणि हा सगळा पट्टा बदलला, २०१० मध्ये नाशिक व्हॅली वाइनला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, शेजारच्या लहान वायनरींत टेस्टिंगवाला तुमच्याशी नीट बोलतो तरी. जानेवारी ते मार्च काढणीचा हंगाम, तेव्हा गेलात तर द्राक्षं चिरडायचं काम प्रत्यक्ष बघायला मिळतं. एरवी वेली बघून परत यायचं.

बाटल्या गार असलेल्याच मागा, बिल जपून ठेवा, आणि तिथून कुठेही न थांबता घरी. जेवणसुद्धा वायनरीवर उरकून घ्यायचं. असं केलं की हा फ्रिज अगदी नीट काम करतो, कारण त्याला बाटली गार करावी लागत नाही, गार ठेवावी लागते. मागच्या वेळी भर एप्रिलात रात्री घरी येऊन शेनिन उघडली, तशीच्या तशी, पेरूचा वाससुद्धा शाबूत. त्या ग्लाससाठी मी अख्खा दिवस थांबले होते आणि खरंच फार आनंद झाला.

बाटल्या यात उभ्या राहत नाहीत, आडव्या ठेवाव्या लागतात. नाशिकच्या बऱ्याच व्हाइटना स्क्रू कॅप असते, त्यामुळे अडचण येत नाही. स्पार्कलिंगची बाटली मात्र जाड असते, एक घातली की बाकीच्यांना जागा पुरत नाही.

तुमची ट्रिप फक्त थंडीतली असेल तर हा घेऊच नका, साधा आइसबॉक्स आणि जेल पॅक हजार-बाराशेत भागतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर घ्या, पण पहिल्याच दिवशी प्लगचं टोपण हाताने घट्ट करा, दर दोन तासांनी बघा आणि एक जादा फ्यूज डॅशबोर्डात टाकून ठेवा.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. त्यानंतर कंपनीकडून पहिल्यांदा माणसाचा फोन आला, पाचशेचं कूपन देतो म्हणाले. कूपन नको म्हणून सांगितलं, प्लग सुटा विकायला ठेवा आणि वॉरंटीत घ्या, एवढंच मागितलंय. पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत, उत्तर आलं की इथेच लिहीन.