ओझरच्या काकांचं कंट्रोल-लाइन किट: वजन कुठे घातलंय ते बघा

तारांना बांधून गोल उडवायच्या मॉडेल विमानाच्या या किटची किंमत आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. इंजिन, टाकी आणि लाइन, म्हणजे तारा, सोडून साडेसहा हजार रुपये. हँडल त्यातच येतं. दुकान वगैरे नाही. एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका नाशिकजवळ ओझरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही किटं कापतात, ऑर्डर फोनवर घेतात. आयुष्यभर मिग आणि सुखोईच्या अवतीभवती वावरलेला माणूस बाल्साचं हलकं लाकूड कसं कापतो, हे बघायचं होतं मला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विमान दोन पोलादी तारांना बांधलेलं, उडवणारा वर्तुळाच्या मध्यभागी उभा, हातात हँडल. मनगट वर-खाली केलं की विमानातली बेलक्रँक, म्हणजे तारांना जोडलेली फिरती पट्टी, फिरते आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची वर-खाली होणारी फळी, हलतो. अमेरिकेत जिम वॉकरने 1940 च्या सुमारास हे लोकांपर्यंत नेलं. आमच्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधून गेलेल्यांना वायुसैनिक कॅम्पमुळे माहीत असतं, मीही त्यातलीच. बाकीचे रिमोट कुठेय म्हणून विचारतात.

हे मॉडेल 35 साइझच्या (0.35 घनइंची) इंजिनाचं, 52 इंची पंखाचं, कसरतींसाठीचं. असं कुठलंही किट हातात आलं की मी एकच गोष्ट बघते: बनवणाऱ्याने वजन कुठे घातलं आणि कुठे वाचवलं. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहे, हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के पातळ. त्यामुळे फुकटचं वजन इथे जास्त जाणवतं, झटकन वळवून कोपरा मारताना विमान खाली बसतं.

काकांनी वजन नाकात घातलंय. ही प्रोफाइल बॉडी, म्हणजे अर्धा इंची बाल्साची उभी फळी. अशा विमानांचं जुनं दुखणं म्हणजे नाक थरथरतं, टाकीतल्या फ्युएलला फेस येतो आणि लूपच्या, म्हणजे उभ्या गोल कोलांटीच्या, ऐन माथ्यावर इंजिन खोकतं. बहुतेक जण नाकाच्या दोन्ही बाजूंना प्लायवुड लावतात आणि पंखाच्या पुढच्या कडेपाशी थांबवतात. इथे तो प्लाय पंखाच्या मध्यापर्यंत मागे नेलाय आणि त्याची मागची कड तिरकी कापलीय, म्हणजे फळी एकाच रेषेत मोडणार नाही. इंजिनखाली ॲल्युमिनियमच्या रुंद पट्ट्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सुरू इंजिनावर नाकाला बोट लावलं तर बारीक झिणझिण लागते, तेवढीच. हे पन्नास-साठ ग्रॅम कारणी लागलेत. वसुली शेपटीत केलीय: स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा आडवा पंख, पोकळ, नुसत्या काड्यांचा. तिथला एक ग्रॅम वाचला की तोल साधायला नाकात त्याहून जास्त शिसं वाचतं.

पंख दिसायला लठ्ठ आहे. जाडी रुंदीच्या 18 टक्के, वरून-खालून सारखा, पुढची कड बोथट. माझा भाचा म्हणाला, मावशी, हे काय मुटकुळं आणलंस! पण असं विमान उलटंही तेवढंच उडायला हवं आणि अचानक नाक वर खेचलं तरी पंखाने हवा सोडता कामा नये; टोकदार पातळ पंख तिथे दगा देतो. शिवाय पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप, म्हणजे हलत्या पट्ट्या, आहेत, एलिव्हेटरला जोडलेल्या. एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली येतात, नेमकी वळताना लिफ्ट, म्हणजे पंखाची उचल, वाढते. जॉर्ज ऑल्ड्रिचचं नोबलर हे कसरतीचं मॉडेल 1950 च्या दशकात गाजलं ते याच घडणीवर, आणि आजही स्टंटवाले बरेचसे त्याच वाटेने जातात.

मी विचारलं, "काका, शिकाऊ पोरांना फ्लॅप कशाला?"

"नको असतील तर चिकटवून टाका, ताई. पण चौकोनी लूपचे कोपरे मारायची वेळ आली की ब्लेड घेऊन तुम्हीच मोकळे कराल."

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. कंट्रोल-लाइनमध्ये तारा ताणलेल्या राहिल्या तरच विमान तुमचं. हिशोब सोपा आहे: तयार विमान सव्वा किलोचं, तारा 18 मीटर, एक फेरी साधारण सव्वापाच सेकंदांत. म्हणजे ताशी साधारण 80 किलोमीटर, आणि हातावर ओढ साडेतीन किलोच्या आसपास. विमान डोक्यावर आलं की त्याचं स्वतःचं वजन त्यातून वजा होतं. वेग तिथेच पडला तर तारा सैल, आणि मग देवाला हाक मारायची. म्हणून डावा पंख उजव्यापेक्षा इंचभर लांब (आतला पंख कमी वेगाने जातो ना), इंजिन दोन अंश बाहेर वळवलेलं, आणि उजव्या टोकाला वजनाची डबी, तारांचा भार तोलायला. हे तर कुठल्याही बऱ्या किटमध्ये असतं. काकांची करामत अशी की तारा पंखातून जिथून बाहेर पडतात तो लीडआउट गाइड खाचेत पुढे-मागे सरकतो आणि डबीतलं वजन बाहेरून बदलता येतं. पंख एकदा मढवून झाला की आत हात घालता येत नाही, तेव्हा याची किंमत कळते. मी गाइड दोन खाचा पुढे घेतला. आधी विमान तिरकं, नाक बाहेर काढून पळत होतं, ते सरळ झालं.

ताण-चाचणी घरीच केली. स्प्रिंगकाटा लावून वजनाच्या दहापट, म्हणजे साडेबारा किलो खेचलं. बेलक्रँकचा खिळा हलला नाही. ही चाचणी न करता कुणी उडवू नये, मग किट कितीही भरवशाचं असो.

आता तक्रारी. बेलक्रँक तीन इंची आहे. चार इंची असती तर हात जास्त बारीक चालला असता, आणि पंखात जागाही आहे. चाकं तर अगदीच चिल्लर. सिमेंटवर ठीक, पण मी मखमलाबादकडच्या मुरमाड माळावर उडवते, तिथे ती रुततात आणि विमान नाकावर येतं. मोठी चाकं वेगळी घ्यावी लागली. माहितीपत्रक म्हणजे एक झेरॉक्स, त्यात टाकीबद्दल एक ओळ. खरं तर तिथे पानभर लिहायला हवं होतं. सरळ उडताना इंजिन कोरडं (फ्युएल कमी) आणि उलटं उडताना ओलं (फ्युएल जास्त) चालत असेल तर टाकी जरा वर सरकवा, उलट असेल तर खाली. दोन्हीकडे फेरीला सारखाच वेळ लागेपर्यंत हे करत राहायचं. जुनं प्लेन बेअरिंगचं, म्हणजे बॉल बेअरिंग नसलेलं, इंजिन असेल तर फ्युएलमध्ये एरंडेल सढळ हाताने घाला. अंगाला, कपड्यांना वास येतो, त्याला इलाज नाही.

बॅटरीवाली आवृत्तीही काका देतात. भाच्याने तीच घेतली. कटकट कमी, आवाज नाही, शेजारी खूश. मला करमत नाही, पण पहिलंच विमान असेल तर तीच घ्या.

आषाढात इथला वारा या खेळाला बिलकूल चालत नाही, तेव्हा पावसाळ्यात बांधा आणि दिवाळीनंतर उडवा. माळ निवडताना जवळपास विजेची तार नको, हे शंभर वेळा बघा. आपल्या हातातल्या ताराही पोलादीच असतात. ऑर्डर दिल्यावर महिना लागतो. फोनवर सांगताना वजनाच्या डबीला स्क्रूचं झाकण मागून घ्या, नाहीतर टेप चिकटवलेलं येतं आणि उन्हात सुटतं.