कंपायलर सुधारायचा की लिंटर? रस्टमध्ये काम सुरू करणाऱ्यांसाठी तुलना

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा बऱ्यापैकी यायला लागली की काही जणांना वाटतं आता भाषेच्या टूल्समध्ये पण हातभार लावावा, आणि मग प्रश्न येतो की रस्टसीमध्ये म्हणजे मूळ कंपायलरमध्ये शिरायचं की क्लिपीमध्ये, म्हणजे शंकास्पद कोडवर इशारे देणाऱ्या लिंटरमध्ये. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, क्लिपी सोपं आहे तिथून सुरू कर आणि एखादा नवीन लिंट, म्हणजे तपासणीचा एक नियम, लिही. क्लिपी सोपं आहे हे खरंय, पण नवीन लिंट हे पहिलं काम म्हणून मला अजिबात पटत नाही. माझ्या मते वेळ थोडा असेल तर तो कंपायलरचे एरर मेसेज सुधारण्यात घाला, आणि क्लिपीतच जायचं असेल तर जुन्या लिंटचे चुकीचे इशारे दुरुस्त करा, नवीन लिंट त्याच्यानंतर. असं का म्हणतोय ते आता नीट सांगतो.

दोन टूल्स वेगळी का

लिंट हा प्रकार जुना आहे. १९७८ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिंट नावाचा प्रोग्राम मांडला, तेव्हाचा विचार सरळ होता की कंपायलरने कोड पटकन भाषांतरित करावा आणि कडक तपासणीचं काम वेगळ्या प्रोग्रामने करावं. रस्टमध्ये हे कारण उरलेलं नाही, कारण क्लिपी हा काही स्वतंत्रपणे कोड वाचणारा पार्सर वगैरे नाहीच, तो रस्टसीच्याच अंगावर बसलेला आहे. पार्सिंग, नावं शोधणं, टाइप चेकिंग सगळं रस्टसी करतो आणि क्लिपी त्यात आपले लिंट जोडून देतो. काही लिंट नुसता सिंटॅक्स बघतात, त्यांना अर्ली पास म्हणतात, आणि बरेचसे टाइप कळल्यावर चालतात, तो लेट पास. म्हणजे कंपायलरला जी माहिती असते ती जवळपास सगळी क्लिपीलाही मिळते.

मग फरक कशात आहे, तर कुणाला दिसणार आणि कुणाला ऐकावं लागणार यात. कंपायलरची वॉर्निंग प्रत्येकाला प्रत्येक बिल्डला दिसते. क्लिपी जो चालवेल त्यालाच दिसतं, आणि तिथे साडेसातशेच्या वर लिंट आहेत ते गटांत वाटलेले. करेक्टनेस गट मूळातच एरर देतो, स्टाइल, कॉम्प्लेक्सिटी, पर्फ, सस्पिशस हे वॉर्निंग देतात, पेडँटिक आणि रिस्ट्रिक्शन तुम्ही मागितल्याशिवाय चालूच होत नाहीत, आणि रिस्ट्रिक्शनमध्ये तर एकमेकांच्या उलट सांगणारे लिंट पण सुखाने नांदतात कारण कुणी ते सगळे एकदम लावावेत अशी अपेक्षाच नाही. मतमतांतराला एवढी जागा कंपायलरमध्ये मिळणार नाही, आणि मिळूही नये.

खरी कसोटी: इशारा चुकला तर कुणाला त्रास?

कंपायलर की लिंटर हे ठरवताना लोक आधी वेग बघतात, कोड किती मोठा ते बघतात. मी म्हणेन आधी हे बघा की तुमची तपासणी चुकली, म्हणजे चांगल्या कोडला वाईट म्हणाली, तर काय होईल.

गूगलच्या इंजिनिअर लोकांनी २०१८ मध्ये त्यांच्या स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे कोड न चालवता तपासण्याच्या, अनुभवावर एक लेख छापला होता. त्यात नियम असा आहे की कोड रिव्ह्यूमध्ये दिसणाऱ्या तपासणीचे निरर्थक इशारे १० टक्क्यांच्या आत पाहिजेत आणि कंपाइल होताना अडवणाऱ्या तपासणीचे तर जवळपास शून्यच. आणि निरर्थक म्हणजे काय हे डेव्हलपरने ठरवायचं, टूल लिहिणाऱ्याने नाही, इशारा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला पण वाचणाऱ्याने काही केलं नाही तर तो वायाच गेला असं धरायचं. त्याच लेखात आहे की कंपाइल होताना दाखवलेल्या चुकांपैकी ७४ टक्के लोकांना खऱ्या अडचणी वाटल्या, आणि आधीच चेक इन झालेल्या कोडमध्ये सापडलेल्या चुकांपैकी फक्त २१ टक्के. म्हणजे कंपायलरचं लोक ऐकतात, पण म्हणूनच तिथे चुकायची मुभा नाही.

रस्टमध्ये याचं फार छान उदाहरण आहे. म्युटेक्सवर, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या कुलपावर, लॉक घेतला आणि निकाल नुसत्या अंडरस्कोरला (_) दिला, तर लॉकचा गार्ड, म्हणजे लॉक धरून ठेवणारी किंमत, त्याच ओळीत ड्रॉप होतो म्हणजे नष्ट होतो आणि लॉक सुटतो. लिहिणाऱ्याला वाटतं की पुढचा सगळा ब्लॉक सुरक्षित आहे, प्रत्यक्षात एक ओळही सुरक्षित नाही, आणि कोड मुकाट कंपाइल होतो. ही तपासणी आधी क्लिपीत होती. तिथे ती पक्की ठरली, असं मुद्दाम लिहायचं कारण कुणाकडे जवळपास नसतंच हे दिसलं, मग ती कंपायलरमध्ये नेली आणि आता ती मूळातच एरर देते. पण नेताना फक्त स्टँडर्ड लायब्ररीचे लॉक नेले. पार्किंग लॉट या बाहेरच्या क्रेटचे, म्हणजे लायब्ररीचे, लॉक क्लिपीतच राहिले, कारण कंपायलरने बाहेरच्या क्रेटची नावं लक्षात ठेवायची म्हणजे नसती जबाबदारी. आणि तिचाच मोठा भाऊ, म्हणजे ड्रॉप होताना काही काम करणारी कुठलीही किंमत अंडरस्कोरला दिली तर इशारा, तो कंपायलरमध्ये असूनही मूळात बंदच ठेवलाय कारण ते लोक मुद्दाम पण करतात. एका चुकीचे तीन तुकडे आणि तिघांची जागा वेगळी, आणि तिन्ही ठिकाणी प्रश्न तोच, चुकीचा इशारा किती वेळा येईल.

त्यामुळे तुमच्या डोक्यात नवीन तपासणी असेल तर ती क्लिपीतच सुरू करा, थेट रस्टसीसाठी हट्ट धरू नका. तिथे मुरू द्या. चांगली निघाली तर वर जायचा रस्ता आहेच.

एरर मेसेज: सगळ्यात कमी जोखीम, सगळ्यात जास्त फायदा

आता ज्याच्याबद्दल मला खरं बोलायचंय ते. नवीन लिंट चालणाऱ्या प्रोग्रामला हात लावतो. काल जो कोड शांतपणे बिल्ड होत होता त्यावर आज पिवळी ओळ येते, आणि ज्यांनी सीआयमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, वॉर्निंगला एरर केलंय त्यांचं बिल्ड तुटतं. एरर मेसेज मात्र फक्त अशाच प्रोग्रामला दिसतो जो तसाही कंपाइल होत नाहीये. तुमचा सल्ला थोडा चुकला तरी कुणाचं चालू काम बंद पडत नाही, आणि बरोबर आला तर समोरचा माणूस अर्धा तास डोकं धरून बसण्याऐवजी अर्ध्या मिनिटात पुढे जातो. आणि बहुतेकदा तो नवशिका असतो ज्याने क्लिपीचं नावही ऐकलेलं नसतं.

जवळून बघू. एक वेक्टर, म्हणजे किमतींची यादी, आहे व्ही नावाचा, त्यावर फॉर लूप चालवला, आणि लूपनंतर व्हीची लांबी छापली. एरर येतो ई०३८२, हलवलेली किंमत पुन्हा वापरली. नुसतं एवढंच सांगितलं असतं तर नवीन माणूस म्हणणार मी कुठे हलवली, मी तर फक्त लूप फिरवला. पण रस्टसी आज काय सांगतो बघा: ही ओळ, इथे इनटू इटर हे फंक्शन आपोआप बोलावलं गेलं आणि त्याने मालकी घेतली, वेक्टर कॉपी होत नाही म्हणून ती किंमत गेली, हलवायची नसेल तर लूपमधल्या व्हीच्या आधी अँपरसँड लावा, आणि तो अँपरसँड नेमका कुठे लावायचा ते खाली खूण करून दाखवतो. कुणीतरी बसून विचार केला की वाचणाऱ्याला इथे फॉर लूपबद्दल काय माहीत नसणार, आणि तेवढं लिहिलं. अशा किती जागा अजून शिल्लक आहेत ज्यात मेसेज बरोबर आहे पण कारण सांगत नाही.

एररची सध्याची मांडणी २०१६ मध्ये आली आणि तिच्यामागे एल्म भाषेच्या कंपायलरची प्रेरणा होती, हे रस्टच्या लोकांनी तेव्हाच मोकळेपणाने सांगितलं होतं. त्यानंतर जे सुधारलं ते बरंचसं एकेका एररवर एकेका माणसाने काम करून सुधारलंय.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. प्रत्येक सुचवणीला किती खात्री आहे ते लिहावं लागतं. मशीन अ‍ॅप्लिकेबल लिहिलंत की कार्गो फिक्स ही रस्टची आपोआप दुरुस्ती करणारी कमांड ती सुचवणी न विचारता कोडमध्ये टाकू शकतं, एडिटरही तेच बघतात. शंका असेल तर मेबी इनकरेक्ट लिहा, माणूस वाचून ठरवेल.

सेटअप आणि रोजचं काम

इथे क्लिपी सरळ सरळ जिंकतं. रेपो घेतली की ठरलेली नाइटली, म्हणजे रस्टची रोज निघणारी आवृत्ती, आपोआप उतरते, कार्गो बिल्ड, कार्गो टेस्ट, झालं. रस्टसीचं गाइड ३० जीबी मोकळी जागा आणि ८ जीबी रॅम असावी म्हणतं, बिल्डसाठी वेगळी स्क्रिप्ट आहे, स्टेज १ आणि स्टेज २ म्हणजे कंपायलर बांधण्याचे टप्पे काय हे समजायलाच एक संध्याकाळ जाते. पण लोक सांगतात तेवढं भयंकर नाही, एलएलव्हीएम, म्हणजे शेवटी मशीन कोड बनवणारा भाग, स्वतः बांधायची गरज बहुतेकवेळा नसते, तयार उतरवता येतं, आणि एरर मेसेजवर काम करताना स्टेज १ पुरतं. पहिलं बिल्ड लावून जेवून या, नंतर इन्क्रिमेंटल चालतं, म्हणजे बदललेला भागच पुन्हा बांधला जातो. जुना लॅपटॉप असेल तर मात्र खरंच क्लिपी घ्या, उगाच जिवाला त्रास नको.

टेस्ट दोन्हीकडे सारख्याच पद्धतीच्या, एक छोटी रस्टची फाइल आणि शेजारी अपेक्षित आउटपुटची फाइल, मेसेज बदलला की ब्लेस करून ती फाइल नवी करायची आणि डिफ, म्हणजे नेमकं काय बदललं ते, वाचायचा. डिफ वाचायचाच, न वाचता ब्लेस करणं म्हणजे टेस्ट नसल्यासारखंच.

लिंटर लवकर रिलीज होतो हा समज क्लिपीला लागू नाही. पायथॉनचं रफ हे लिंटर स्वतंत्र आहे म्हणून ते स्वतःच्या वेगाने रिलीज करतं, क्लिपी मात्र रस्टच्याच दर ६ आठवड्यांच्या गाडीत बसतं. तेव्हा घाईचं कारण देऊन लिंटर निवडू नका.

दुसऱ्या भाषांत

तुमची भाषा रस्ट नसेल तर आधी हे बघा की लिंटरला टाइप फुकट मिळतात का. टाइपस्क्रिप्टमध्ये विसरलेला प्रॉमिस, म्हणजे नंतर येणारा निकाल ज्याची वाटच बघितली नाही, तो पकडणारा नियम ईएसलिंट या लिंटरच्या बाजूला आहे, पण त्याला टाइप लागतात, म्हणून लिंट चालवताना टाइप चेकिंगचं काम पुन्हा होतं आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये ते चांगलंच जाणवतं. गो ने वेगळाच रस्ता धरलाय, त्यांच्या कंपायलरला वॉर्निंग हा प्रकारच नाही, न वापरलेला इम्पोर्ट हा सरळ एरर, आणि बाकी शंकास्पद गोष्टी गो व्हेट या वेगळ्या टूलकडे, त्यातल्या भरवशाच्या तपासण्या १.१० पासून गो टेस्टबरोबर आपोआप चालतात. मला ही मधली जागा आवडते, टेस्ट चालवताना माणूस तसाही चुका ऐकायच्या तयारीत असतो.

मग कुणी काय घ्यावं

रस्ट शिकवता, किंवा टीममध्ये नवीन लोकांच्या शंका तुमच्याकडे येतात, तर डोळे झाकून रस्टसीचे एरर मेसेज. तुमच्याकडे जो माल आहे तो कंपायलरच्या जाणकारांकडेही नसतो, लोक नेमके कुठे अडकतात हे तुम्हाला रोज दिसतं. रस्टच्या रेपोत ए डायग्नॉस्टिक्स हे लेबल लावून शोधा, ढिगाने इश्यू सापडतील.

मोठा कोडबेस सांभाळता आणि क्लिपीवर वैतागून सगळीकडे अलाऊ, म्हणजे हा इशारा नको अशी खूण, लिहीत सुटलाय, तर तेच अलाऊ तुमची कामाची यादी आहे. प्रत्येक ठिकाणी बघा की लिंट चुकला की तुम्हाला पटला नाही. चुकला असेल तर कारण बहुधा ओळखीचंच निघतं: कोड मॅक्रोतून, म्हणजे आपोआप कोड बनवणाऱ्या तुकड्यातून, आलाय आणि लिंटला ते कळलं नाही, किंवा जी फंक्शन सुचवली ती तुमच्या किमान रस्ट व्हर्जनमध्ये नाहीच. दोन्हीचे उपाय क्लिपीत ठरलेले आहेत आणि बदल बऱ्याचदा मोजक्या ओळींचा असतो. २०२५ मध्ये क्लिपीच्या टीमने स्वतः काही आठवडे नवीन लिंट घेणं थांबवून आहेत त्यांच्या दुरुस्तीवर जोर दिला होता, म्हणजे गरज कुठे आहे ते त्यांनीच सांगितलंय.

आणि तरीही नवीन लिंटच लिहायचा असेल तर लिहा, पण इश्यू उघडताना ज्या कोडवर लिंटने गप्प राहायला पाहिजे अशी उदाहरणं आधी जमवा आणि ज्यावर बोलायला पाहिजे ती नंतर. पहिली यादी लांबत चालली तर तो लिंट पेडँटिकमध्ये टाका, आणि ती संपतच नसेल तर तो विचार सोडून एखादा एरर मेसेज उचला.