पाठीच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: टेन्स मशीन की आत बसवायचा स्टिम्युलेटर?

एल-फोर एल-फाइव्हचं, म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांचं, ऑपरेशन होऊनही ज्यांची कंबर आणि पाय ठणकायचे थांबत नाहीत, ते गोळ्या-फिजिओ करून शेवटी या दोन्हींपाशी येतातच. टेन्स म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं छोटं मशीन, आणि स्टिम्युलेटर म्हणजे मज्जारज्जूजवळ ठेवलेल्या वायरींतून करंट देणारं, बॅटरीसकट शरीरात बसवलेलं यंत्र. मी दोन वर्षं टेन्स वापरलं, आता स्टिम्युलेटर कमरेत आहे. प्रत्येकाची पाठ वेगळी, हे धरूनच वाचा.

मूळ कल्पना एकच, १९६५ ची मेलझॅक आणि वॉल या संशोधकांची, की मुंग्यांसारखी दुसरी संवेदना पुढे धाडली की दुखण्याला वरपर्यंत जायला वाट कमी मिळते.

टेन्सला मी नावं ठेवणार नाही. स्वस्त, चिरफाड नाही, नको वाटलं की काढून ठेवा (पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको). अर्धा तास लावलं की पुढचा तासभर बरा जायचा. पण ते पॅड! बडोद्याचा मे महिना, पाठ घामाने ओली, आणि टाक्यांच्या व्रणाशेजारी आपले आपल्याला पॅड लावताच येत नाहीत. हिने पोळी तव्यावर टाकून यायचं, टॉवेलने पाठ पुसून चारही पॅड दाबून बसवायचे, आणि मी खंडेराव मार्केटला पोचेपर्यंत एकाचा कोपरा सुटलेला, मग उरलेल्या तेवढ्याशा जागेत सगळा करंट सुईसारखा टोचणार. ही माहेरी गेली की आठ दिवस मशीन कपाटात. मला तेच सहन होईना.

स्टिम्युलेटरचा खर्च लाखांत, परत ऑपरेशन, इन्फेक्शनची आणि वायर सरकायची भीती, सुरुवातीचे काही आठवडे वाकणं-वळणं बंद. आडवं झालं की मुंग्या एकदम वाढतात, कारण मज्जारज्जू वायरींच्या जवळ येतो, म्हणून रिमोट उशाशीच असतो. १०,००० हर्ट्झवर (सेकंदाला दहा हजार स्पंदनं) चालणाऱ्यात मुंग्या जाणवत नाहीत म्हणे, माझा साधा आहे. दुखणं गेलेलं नाही, दहापैकी सातावरून तीन-चारावर आलंय इतकंच, पण सकाळी कुणाला हाक न मारता कमाटीबागेत फेरी मारून येतो आणि माझ्यापुरतं ते पारडं जड आहे.

बरं, थेट कायमचा बसवत नाहीत. आधी काही दिवस ट्रायल असते, वायरी आत आणि बॅटरी बाहेर पट्ट्याला, दुखणं साधारण निम्म्याने उतरलं तरच पुढचं बोलतात. ते दिवस नुसते पडून काढू नका, डॉक्टर परवानगी देतील तेवढं, एरवी जमत नव्हतं ते हळूच करून बघा. मी ओट्यापाशी उभं राहून दोघांचा चहा केला, उकळी येईपर्यंत स्टूल लागलं नाही.