कन्नड समजून घ्यायला मराठीचा आधार बरा की हिंदीचा?

खानापूर, निपाणीकडची आपली पोरं कन्नड शिकताना संस्कृत शब्द आला की पटकन हिंदी अर्थ लावतात, शाळेत हिंदी असते ना म्हणून, पण माझं स्पष्ट मत आहे, आधार मराठीचाच घ्या. 'शिक्षा' बघा. हिंदीत शिक्षण, आणि कन्नडमधली 'शिक्षे' म्हणजे आपल्यासारखीच दंडाची शिक्षा! कादंबरीचं पण तेच, बाणभट्टाच्या नायिकेचं नाव दोन्ही भाषांनी त्या साहित्यप्रकारालाच देऊन टाकलं, हिंदीवाले मात्र त्याला उपन्यास म्हणतात आणि कन्नडमध्ये 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान, त्यामुळे हॉलबाहेर उपन्यासाचा बोर्ड दिसला तर आत भाषण चाललेलं असणार. शेजारच्या कन्नड मावशी 'नम्म यजमानरू' म्हणाल्या की नवराच, आपल्या आज्ज्या पण 'आमचे यजमान' असंच म्हणतात की.

पण मराठी पण सगळीकडे चालत नाही हं. 'अनुमान' कन्नडमध्ये संशय, 'प्रपंच' म्हणजे अख्खं जग, आपला घरचा प्रपंच नव्हे. आणि 'अवसर' तर दोन्हीकडून फसवतो, हिंदीत संधी, कन्नडमध्ये घाई. हायवेवर 'अवसरवे अपघातक्के कारण' लिहिलेलं असतं, म्हणजे घाईच अपघाताला कारण. असे चार-पाच शब्द वेगळे पाठ करा, बाकी बिनधास्त मराठीवरून अंदाज बांधा.